कोकण रेल्वेची खिडकी: पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

पहिल्यांदा कोकण रेल्वेने गेलो तेव्हा पनवेलपासून उजव्या खिडकीला नाक लावून बसलो होतो. कोकण म्हणजे समुद्र, आणि गाडी दक्षिणेला चालली म्हणजे समुद्र उजवीकडे, एवढा माझा हिशेब. पेण गेलं, रोहा गेलं, माणगाव गेलं. समुद्र काही येईना. चिपळूण जवळ आलं तेव्हा समोरच्या आजींनी न राहवून विचारलं, "काय शोधतोयस रे बाळा?" मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "समुद्र नाय दिसत हितनं. डोंगर बघ," म्हणाल्या आणि पलीकडच्या खिडकीकडे हात केला. तिकडे ढगांत निम्मा बुडालेला सह्याद्री होता. तीन तास तो माझ्या पाठीमागून चालला होता.

त्यानंतर या मार्गावर बऱ्याच फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा जाणारा जवळजवळ प्रत्येकजण माझ्यासारखाच फसतो: रात्रीची गाडी पकडतो, धुरकट काचेचा एसी डबा घेतो, चुकीच्या बाजूला बसतो, आणि मग "काही विशेष दिसलं नाही" म्हणतो. म्हणून मुंबई ते मडगाव हा प्रवास फक्त बघण्यासाठी करायचा असेल तर काय काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: महिना ठरवा

पावसाळा, हे उत्तर सगळेच देतात. पण पावसाळ्यातही चार वेगवेगळे ऋतू असतात. जूनच्या अखेरीस डोंगर पुरते हिरवे झालेले नसतात, पण शेतांत भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, पोपटी दिसायला लागतो. जुलैत आवणी चालते. गुडघाभर चिखलात ओणवी झालेली माणसं, नांगर नाहीतर पॉवर टिलर, बांधावर ठेवलेली रोपांची जुडी. हे दृश्य महिनाभरच असतं. मात्र जुलैत पाऊस असा कोसळतो की बऱ्याचदा खिडकीबाहेर पांढऱ्या पडद्याखेरीज काही नसतं. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस थांबून थांबून येतो, धबधबे अजून भरलेले असतात, रुळांसाठी डोंगर कापलेल्या कटिंगच्या उतारांवर तेरडा फुलतो आणि मधूनच ऊन पडलं की सगळं धुतल्यासारखं चकचकतं. मला विचाराल तर हाच काळ. ऑक्टोबरात भात पिवळं पडतं, तेही कमी देखणं नाही.

फक्त गणपतीचे दिवस सोडा. त्या आठवड्यात या मार्गावरची एकेक जागा चाकरमान्यांची असते. घरी गणपती बसणार आणि माणूस परळला अडकलाय, अशा वेळी आपण हिरवळ बघायला त्याची सीट अडवू नये. अडवायची म्हटली तरी मिळत नाही, हे वेगळं.

पावसाळ्यात इथे वेगळं वेळापत्रक लागतं. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचा वेग उतरवलेला असतो, आणि फार पाऊस होऊन पुढचं दिसेनासं झालं तर चालकाने ताशी ४० किलोमीटरने चालवायची असते. यामागे कारण आहे. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ ऐन जूनमध्ये दगड रुळांवर येऊन मोठे अपघात झाले. त्यानंतर पावसाळी गस्त आणि कमी वेग हा इथला नेमच झाला. उशीर होतो म्हणून कुरकुरणारे डब्यात भेटतील. आपण बघायला निघालोय, आपल्याला हळू गाडी म्हणजे पर्वणीच.

गाडी: जितकी रडतखडत तितकी बरी

कोकणकन्या आणि तुतारी या मुंबईहून रात्री सुटणाऱ्या गाड्या. गावाला जायला उत्तम, बघायला निरुपयोगी. जाग येते तेव्हा कुडाळ आलेलं असतं.

दिवसाच्या गाड्यांत मांडवी एक्सप्रेस ही माझी पहिली शिफारस. सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून निघते आणि दिवसभर कोकणातून जाते. हिच्या पँट्रीचं नाव आहे, आणि ते नुसतं नाव नाही. दर अर्ध्या तासाने कोणीतरी काहीतरी गरम घेऊन फिरत असतं. एकच अडचण: पावसाळी वेळापत्रकात मडगावला पोचेपर्यंत रात्र होते, म्हणजे गोव्यातल्या नद्या अंधारात जातात. त्याला उपाय आहे, तो शेवटी सांगतो.

जनशताब्दी आणि वंदे भारत पहाटे पाचच्या सुमारास सुटतात आणि दुपारी गोव्यात पोचतात, त्यामुळे सगळा मार्ग उजेडात मिळतो. जनशताब्दीला २०१७ पासून विस्टाडोम डबा आहे: मोठ्या काचा, छतालाही काच, गोल फिरणाऱ्या खुर्च्या. एकदा जरूर बसा. पण छताच्या काचेचं मला फारसं कौतुक नाही. कोकणात वर बघण्यासारखं ढगाशिवाय काही नसतं, जे आहे ते बाजूला आणि खाली. वंदे भारत २०२३ च्या जूनपासून धावते आहे. गाडी सुरेख, पण ती आपल्या लेखाच्या कामाची कमी. थांबे मोजकेच, आणि इतर गाड्या बाजूला उभ्या करून तिला पुढे काढतात. उभं राहण्याचं सुख काय असतं, ते पुढे येईलच.

आणि ज्याला खरोखर कोकण बघायचंय, गर्दी सोसायची तयारी आहे, त्याने दिवा–सावंतवाडी गाडी घ्यावी. ही सकाळी दिव्याहून निघते आणि बाकीच्या गाड्या ज्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत अशा लहान लहान स्टेशनांवर थांबत जाते. सापे-वामने, कळंबणी, कामथे ही नावं तुम्हाला फलकावरच नव्हे तर चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांसकट कळतात.

तिकीट आणि जागा

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार पटकन भरतात, मधल्या वारी गेलात तर मनासारखी जागा मिळते.

एसी की साधा डबा? साधा स्लीपर. यात वाद नको. एसी डब्याची काच जाड, दुहेरी, बऱ्याचदा पिवळसर आणि ओरखडलेली असते. एकदा तर माझ्या खिडकीच्या दोन काचांमध्ये पाणी साचलेलं होतं. कोलाडपासून कणकवलीपर्यंत सगळं कोकण मी मत्स्यालयातल्या माशासारखं पाहिलं. स्लीपरची खिडकी उघडते. तिला गज असतात, पाऊस आत येतो, बाही भिजते. पण ओल्या मातीचा वास, पुलावरून जातानाचा बदललेला आवाज, बोगद्याच्या तोंडाशी अंगावर येणारी गार हवा, यांतलं काहीही काचेतून येत नाही. घरातलं कोणी वयस्कर असेल किंवा दमा असेल तर गोष्ट वेगळी.

स्लीपरमध्ये साइड लोअर मागा. नंबर ओळखायची सोपी खूण: आठने भागल्यावर सात उरले पाहिजेत. म्हणजे ७, १५, २३, ३१ असे. या जागेला स्वतःची खिडकी असते, दिवसा पाठ टेकून पाय लांब करता येतात, आणि "जरा सरका" म्हणणारा कोणी नसतो. फक्त तिकीट आरएसी असेल तर ही एकच जागा दोघांत वाटून घ्यावी लागते, तेव्हा आरएसीवर समाधान मानू नका.

डावीकडे की उजवीकडे

दक्षिणेला जाताना डावीकडे पूर्व, म्हणजे सह्याद्री. उजवीकडे पश्चिम, म्हणजे उतरत जाणाऱ्या टेकड्या, सडे (कातळाची सपाट माळरानं), मळे, आणि तुम्ही कितीही मान वळवलीत तरी न दिसणारा समुद्र. मुंबई ते मडगाव डावी बाजू. नुसतं पाणीच बघायचं असेल तर मडगाव ओलांडून कारवार, होन्नावरकडे जायला हवं. तिथे शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे, या मार्गावरचा सगळ्यात लांब.

पण नंबरावरून बाजू पक्की करता येत नाही. डबा कोणत्या तोंडाने जोडलाय त्यावर साइड लोअर डावीकडे येणार की उजवीकडे ते ठरतं. म्हणून चढल्या चढल्या बाजू बघून घ्या, आणि उलटी निघाली तर समोरच्या सहा जणांशी ओळख करून घ्या. हे मी गमतीने सांगत नाही. कोकणच्या गाडीत "जरा खिडकीशी बसू का, पहिल्यांदाच चाललोय" असं म्हटलं तर नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. उलट तो तुम्हाला त्याचं गाव कुठून दिसतं तेही सांगतो.

आणखी एक, जे फारसं कोणी सांगत नाही. गाडीच्या दिशेला तोंड करून बसण्यापेक्षा पाठ करून बसा. पुढे तोंड असलं की दृश्य अंगावर धावून येतं आणि नजर ठरेपर्यंत निघून जातं. पाठमोरं बसलं की ते आधी जवळून सुटतं आणि मग सावकाश लांब जात राहतं. बोगद्यातून बाहेर पडल्यावर तर अख्खी दरी एकदम उघडते आणि तुमच्यासमोर मिटत जाते. ज्यांना उलटं बसून मळमळतं त्यांनी अर्थात हे करू नये.

सोबत

एक जुना सुती पंचा (काच आणि बाही दोन्ही पुसायला), पातळ रेनकोट, पाणी, सुटे पैसे. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण बोगद्यांच्या पट्ट्यात रेंज जात-येत राहते. पुस्तक नेऊ नका. वाचून होत नाही आणि ओझं होतं.

वाटेत काय, कुठे

पनवेल सुटलं की सावध व्हायचं. आपट्याच्या आसपास उजवीकडे कर्नाळ्याचा सुळका दिसतो, मूठ आवळून अंगठा वर केल्यासारखा. प्रवासातली उजवीकडची ही मोठी गोष्ट, म्हणून पहिला अर्धा तास उजवीकडे बसलात तरी चालेल. आपटा स्टेशनही बघा. झाडीतलं, डोंगराच्या पायथ्याचं हे स्टेशन हिंदी सिनेमांत इतक्या वेळा येऊन गेलंय की पहिल्यांदा बघणाऱ्यालाही ओळखीचं वाटतं. पुढे पेणचा सपाट खारपाट. पाणथळीत बगळे उभे असतात.

रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ सालीच पोचली होती. खरी कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत जाते, ७४० किलोमीटरच्या आसपास. १९९० मध्ये काम सुरू झालं, ई. श्रीधरन यांच्या हाताखाली ते सात-साडेसात वर्षांत उरकलं आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला. नव्वदहून जास्त बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल. सह्याद्रीतून निघून समुद्राकडे जाणारी प्रत्येक नदी आडवी येते, आणि दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड असते. म्हणून नदीवर पूल, सोंडेत बोगदा, पुन्हा पूल. एवढं लक्षात ठेवलं की खिडकीबाहेरच्या घडामोडींना क्रम लागतो: बोगदा संपला की उतार, मग शेतं, मग नदी, मग चढ, मग पुन्हा काळोख.

वीरपर्यंत २०२१ पासून दुहेरी मार्ग आहे. त्यापुढे एकच रूळ. सावित्री ओलांडली की गाडी डोंगरांच्या अधिक जवळ जाते. खेडच्या अलीकडे नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा लागतो, आणि खेडला जगबुडी नदी. पूर्वेला महिपतगड, सुमारगड, रसाळगड ही रांग. ढग वर असतील तरच दिसते, पण दिसली तर चहा खाली ठेवा.

चिपळूणच्या तोंडावर वाशिष्ठी. उन्हाळ्यात बाकीच्या नद्यांत नुसते गोटे दिसतात, हिच्यात मात्र पाणी असतं. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजकेंद्रात जनित्रं फिरवून याच नदीत सोडतात. म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडे पूर्वेला गेलं असतं ते पाणी इथून अरबी समुद्राला मिळतं. पावसाळ्यात हीच वाशिष्ठी अंगावर आली तर काय करते ते चिपळूणकरांनी जुलै २०२१ मध्ये पाहिलंय. पुलावरून जाताना ती गढूळ, रुंद आणि घाईत असते.

संगमेश्वर सोडल्यापासून रत्नागिरीपर्यंतचा पट्टा हा या प्रवासाचा गाभा. इथे झोप आवरा, खाणं उरकून घ्या, फोन खिशात टाका. उक्षीच्या आसपास दोन बोगद्यांच्या मधल्या उघड्या तुकड्यात रानपाटचा धबधबा येतो. रुळांपासून इतका जवळ की पाऊस जोरात असेल तर तुषार आत येतात. आणि किती वेळ दिसतो? "तो बघ" म्हणायला जेवढा लागतो तेवढाच. म्हणून उक्षीच्या आधीपासून दोन्ही खिडक्यांवर नजर असू द्या.

मग करबुडे. साडेसहा किलोमीटर. काश्मीरमधला पीर पंजालचा बोगदा २०१३ मध्ये सुरू झाला तोवर देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा हाच होता. आत शिरल्यावर पहिल्या मिनिटाला पोरं ओरडतात. दुसऱ्या मिनिटाला आवाज कमी होतो. तिसऱ्या मिनिटाला सगळा डबा गप्प झालेला असतो आणि फक्त चाकांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत असतो. खिडकीत बाहेरचं काही नाही, दिव्याच्या उजेडात आपलाच चेहरा आणि मागे बसलेल्यांचे चेहरे. हवा दमट, दगडाला येतो तसा गार वास. कुठेतरी भिंतीतून झिरपणारं पाणी गजांवर येऊन हातावर पडतं. मग समोरच्या माणसाच्या गालावर करडा उजेड पडायला लागतो, आणि एकदम हिरवं. इतकं हिरवं की क्षणभर डोळे मिटतात. करबुड्यात दर वेळी पोरं ओरडतात तेव्हा मीही मनात ओरडतो, हे इथे कबूल करतो.

रत्नागिरीला गाडी जरा थांबते. उतरून काच बाहेरून पुसायची ती इथेच. स्टेशन सुटल्यावर काही मिनिटांत पानवलचा पूल येतो. खाली नदी आणि नदीच्या वर ६४ मीटरवर तुम्ही, म्हणजे वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून गाडी चालल्यासारखं. पुलाला बाजूला उंच कठडे नाहीत, म्हणून खिडकीतून सरळ खाली बघितलं तर पूल दिसतच नाही. माडांचे शेंडे दिसतात, वरून, फुलांसारखे. ज्यांना उंचीचं भय आहे त्यांनी समोर लांब डोंगराकडे बघावं. अर्ध्या मिनिटाचा खेळ असतो.

राजापूर, वैभववाडी या पट्ट्यात जांभ्याची कटिंगं बघा. दोन्ही बाजूंना लाल, सच्छिद्र दगडाच्या उंच भिंती, त्यांवर लोखंडी जाळ्या, जाळीतून डोकावणारे नेचे आणि पाण्याच्या धारा. "काही दिसत नाही, नुसती भिंत आहे" म्हणून लोक इथे मान फिरवतात. भिंतच बघायची असते. गाडी हळू असेल तर जांभ्याच्या भोकांतून पाणी कसं ठिबकतं तेही दिसतं. वैभववाडीला डावीकडे सह्याद्रीची भिंत जवळ येते. वर गगनबावडा, आणि घाटाच्या अंगावर पांढऱ्या रेघा: ते धबधबे.

कणकवलीपासून पुढे जमीन मऊ होते. मळे, माडांच्या राया, पोफळी, चिरेबंदी घरं, अंगणात तुळस. कुडाळ, सावंतवाडी. इथे नजरेला धक्के बसत नाहीत, आराम मिळतो.

गोव्यात शिरताना पेडण्याचा बोगदा. मऊ मातीतल्या ज्या बोगद्यांनी बांधणाऱ्यांचा घाम काढला, त्यांपैकी हा एक. २०२४ च्या जुलैत याच्यात पाणी शिरून गाड्या बंद पडल्या होत्या. त्यानंतर शापोरा नदी, मग मांडवी नदी, दिवाडी बेट, करमळीचं पक्ष्यांनी भरलेलं तळं आणि झुआरी. नद्यांच्या काठी खारफुटी आणि खाजण शेतं. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली ही शेतं, आणि भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायला बसवलेल्या लाकडी दारांचे मानस. माझ्यासारखी समुद्राची आशा धरून आलेल्यांना समुद्राची चाहूल लागते ती इथे, शेवटच्या तासाभरात.

क्रॉसिंग

आता उभं राहण्याबद्दल. एकच रूळ म्हटलं की समोरून गाडी येणार असेल तर एकीने बाजूच्या लाइनीत उभं राहायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी चाळीस. डब्यातले लोक घड्याळं बघतात. मला विचाराल तर प्रवासातलं सगळ्यात चांगलं बघणं इथेच होतं, कारण चालत्या गाडीतून तुम्ही कोकण लांबून बघता आणि उभ्या गाडीतून जवळून.

असं झालं होतं एका ऑगस्टमध्ये विलवड्याला. पाऊस नुकताच थांबलेला. फलाटाच्या कडेच्या गटारातून लाल पाणी वाहत होतं, त्यात एक काळा खेकडा तिरका तिरका चालत फलाटाच्या भिंतीला टेकला, थांबला, परत निघाला. तारेवर खंड्या बसला होता. तो मधूनच शेपटी हलवायचा, बाकी पुतळा. स्टेशनमागच्या शेतात एक बाई, डोक्यावर प्लॅस्टिकचं खोळ, भातातलं तण उपटून बांधावर फेकत होती. प्रत्येक मूठ फेकताना "थप्प" असा आवाज यायचा आणि तो इतक्या लांबून डब्यात ऐकू येत होता. कारण दुसरा आवाजच नव्हता. पंखेसुद्धा कोणीतरी बंद केले होते. मग लांबून रुळांत गुणगुण सुरू झाली, स्टेशनमास्तर हिरवा झेंडा घेऊन बाहेर आले, समोरची गाडी धडधडत गेली, आणि बाईने मान वर करूनही पाहिलं नाही. खंड्या उडाला होता.

तेव्हा गाडी उभी राहिली की फोन काढू नका. पायरी बेताची असेल आणि फलाट तुमच्या बाजूला असेल तर खाली उतरायला हरकत नाही, पण डब्यापासून चार पावलांच्या आत. लहान स्टेशनांवर गाडी सुटताना फार गाजावाजा होत नाही.

फोटो

थोडेच काढा. उघड्या खिडकीतून काढताना फोनची दोरी मनगटात अडकवा. गजांच्या बाहेर हात काढू नका, बोगद्यांच्या आणि पुलांच्या आसपास तर मुळीच नाही. काच बंद असेल तर फोन काचेला टेकवून धरा आणि भोवती पंचा धरा, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. जवळची झाडं पुसट येणारच, म्हणून लांबचं काहीतरी धरा. बोगद्याआधी फोटोची तयारी करून ठेवावी असं वाटतं, पण डोळ्यांना उजेडाची सवय होईतो धबधबा गेलेला असतो. धबधबा डोळ्यांनीच बघावा.

दार

सगळ्यांना दारात उभं राहायचं असतं. मलाही. पण पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, पुलावर वारा बाजूने ढकलतो, आणि बोगद्याच्या भिंती वाटतात त्यापेक्षा खूप जवळ असतात. पायरीवर बसून पाय बाहेर सोडणं धोक्याचं तर आहेच, रेल्वे कायद्यानुसार गुन्हाही आहे. उभं राहायचंच असेल तर दार बंद ठेवून दाराच्या खिडकीतून बघा. समोरासमोरच्या दोन दारांमधून दोन्ही बाजूंचं दिसतं, हा दाराचा खरा फायदा, आणि तो बंद दारानेही मिळतो.

परतताना

मघाशी म्हटलेला उपाय हा. पावसाळ्यात जाताना मांडवीने गोवा अंधारात जातो, तर येताना ती मडगावहून सकाळीच सुटते, म्हणजे गोवा आणि सिंधुदुर्ग लख्ख उजेडात मिळतात आणि अंधार पडतो तो मुंबईजवळ आल्यावर. दोन्ही फेऱ्या मांडवीच्या केल्या की सगळा मार्ग उजेडात बघून होतो. वेळ असेल तर मध्ये रत्नागिरी किंवा कुडाळला एक रात्र मुक्काम करा. सलग दहा-बारा तास बघत राहिलं की डोळे थकतात आणि शेवटच्या नद्या नुसत्या नद्या वाटायला लागतात.

येताना बाजू उलटते, सह्याद्री उजवीकडे येतो. चहा मडगावच्या फलाटावरच संपवा आणि पंचा हाताशी ठेवा. माजोर्डा, वेर्णा, आणि लगेच झुआरी.